आबांचा फेटा

आमचे आबा नावाजलेले पैलवान. तीस वर्षं त्यांच्या पाठीला माती लागली नाही. आमच्या गावी, लासूर स्टेशनला, मला आजही त्यांचाच मुलगा म्हणून ओळखतात. मी नट झालो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कर सोंगं." आज पहिल्यांदा ते माझं नाटक बघायला शहरात, उस्मानपुऱ्यातल्या नाट्यगृहात आले आणि नेमकी माझी भूमिका हरणाऱ्या पैलवानाची! शेवटच्या कुस्तीत मी खाली आलो, तसे आबा पहिल्या रांगेतून उठून ओरडले, "पाठ टेकवू नको रं, पोटावर वळ!" प्रेक्षक हसले. लहानपणी आबांनी आखाड्यात लावलेल्या सवयीनं अंग वळायलाच निघालं होतं. तरी मी पाठ टेकवली. पडदा पडल्यावर आबा रंगपटात आले. डोक्यावरचा फेटा उतरवून मला बांधू लागले. "आबा, फेटा जिंकणाऱ्याला बांधतात." "व्हय," टोक खोचत ते म्हणाले, "पण असं जीव ओतून हरणं मला जन्मात जमलं नसतं."