खांबावरची खूण

बोन्सायचं खोड जाड व्हावं म्हणून तोकुजी आजोबा हॉर्नबीमची रोपं आधी जमिनीत वाढवतात. रोप त्यांच्या छातीपर्यंत पोचलं, की वीतभर बुंधा ठेवून वरचं सगळं करवतीनं उडवतात आणि मान तिरकी करून म्हणतात, "आता कसं गोड दिसतंय." सहा वर्षांची नात चिहारु हे ओट्यावर बसून बघत असते.

आज आईनं चिहारुला उंचीची खूण करायला खांबाशी उभं केलं, तर पोरीनं गुडघेच वाकवले.

"नीट उभी राहा गं. आजोबांच्या छातीपर्यंत पोचलीस की आता."

चिहारु आणखी खाली बसली.

"हळू बोल ना, आई. आजोबा करवतीला धार लावतायत."