हवेचा स्क्रू

"कार्बोरेटर बांधता येत नसन, तर तसं सांगा ना, लच्छूभाऊ!" निकेश दुधाचे कॅन गाडीवरून न उतरवताच ओरडला. समोरच्या पानठेल्यावरची चार माणसं वळून बघायला लागली.

लच्छूच्या अंगाचा तिळपापड झाला. जंगलातून मोहर्लीला जाणाऱ्या वाटेवरच्या या गावात तो बावीस वर्षं गाड्या दुरुस्त करत होता. त्याने बांधलेला कार्बोरेटर आजवर परत आला नव्हता. आणि निकेशची ही जुनाट मोटरसायकल पाच दिवसांत तिसऱ्यांदा दुकानासमोर उभी होती.

"झालं काय?"

"पुन्हा तेच! रेस सोडली का फटाके. हॉटेलवाला म्हणते, दूध आणून राह्यला का वरात? आता मी मिथुनकडंच नेतो."

मिथुनचं नाव निघालं आणि लच्छूचं डोकंच फिरलं. या मिथुनने दोन महिन्यांपूर्वी फाट्यावर चकचकीत दुकान थाटलं होतं. मोबाइलमध्ये बघून गाड्या खोलणारा माणूस, आणि त्याच्यापुढे आपण हरायचं?

"आजचा दिवस दे," लच्छू चौघांना ऐकू जाईल असं म्हणाला. "उद्या एक जरी फटाका वाजला, तं मी दुकानाले कुलूप लावीन. कायमचं."

पानठेल्यावर कुणीतरी हसलं. लच्छूने तिकडे पाहिलं नाही.

तशी ही गाडी सात वर्षं फटाके फोडतच चालत होती. निकेशला त्याचं काही वाटत नव्हतं. पेट्रोल फार प्यायला लागली तेव्हा कुठे त्याने ती आणली. लच्छूने कार्बोरेटर सुटा केला, पेट्रोलमध्ये धुतला, पेट्रोल सोडणाऱ्या जेटची बारीक भोकं हवा मारून मोकळी केली, नवी वॉशरं घातली. मग हवेचा स्क्रू आत टेकेपर्यंत आवळला आणि मोजून दीड फेरा सैल केला. गाडी अशी चालली, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ती चालू आहे हे सांगावं लागलं. आठवडाभर तक्रार नव्हती. त्यानंतर हे नाटक सुरू झालं.

निकेश गाडी ठेवून गेल्यावर त्याने स्क्रू तपासला. चार फेरे सैल! एवढी हवा आत गेल्यावर फटाके वाजणारच. मागच्या खेपेला त्याने मुलीची, रिनाची, नेलपॉलिश घेऊन स्क्रूवर आणि बाजूच्या धातूवर मिळून एक लाल रेघ ओढली होती. आता रेघेचा स्क्रूवरचा अर्धा भाग भलतीकडेच तोंड करून बसला होता. स्क्रूच्या मागे स्प्रिंग असते, तो आपोआप फिरत नाही. म्हणजे कुणीतरी मुद्दाम फिरवत होतं. त्याने स्क्रू पुन्हा दीड फेऱ्यावर आणला आणि दिवस मावळायच्या आत गाडी निकेशच्या हवाली केली.

"तो मिथुनच आहे," संध्याकाळी जेवताना तो गरजला. "माझं नाक कापून राह्यला हरामखोर."

रुखमा अंगणात मोहाची वाळलेली फुलं गोळा करत होती. "जाऊ द्या ना," ती म्हणाली. "गाडी चालते ना? फटाके वाजले तं कोणाचं काय जाते?"

"माझी इज्जत जाते!"

रुखमा टोपली उचलून आत जाताना एवढंच म्हणाली, "उद्या सोमारीबाईची तेरवी आहे. ध्यानात ठेवजा."

सोमारीबाई त्यांची शेजारीण. मोह वेचताना तिला वाघाने मारलं. तिला खांदा द्यायला लच्छू होता, दोन दिवस त्यालाही घास गोड लागला नव्हता. पण आज त्याला त्या स्क्रूपलीकडे काही सुचत नव्हतं. गावाने आपल्याला अडाणी म्हणावं आणि चोराने मजा बघावी, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

पहाटे तो उठला तेव्हा रुखमा घरात नव्हती. मोहाच्या दिवसांत ती बायांबरोबर अशीच उजाडायच्या आत निघायची. लच्छू तडक निकेशच्या गोठ्याकडे गेला आणि भाताच्या तणसाच्या ढिगामागे दबा धरून बसला. निकेश आत म्हशी पिळत होता. गाडी बाहेर कुंपणाला टेकून उभी होती.

थोड्या वेळाने डोकं गुंडाळलेलं एक माणूस कुंपणाआडून आलं. गाडीजवळ उकिडवं बसलं आणि चाचपडायची गरज न पडता हात थेट कार्बोरेटरपाशी गेला. दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

"सापडला चोट्टा!" लच्छूने झेप घेऊन मनगट पकडलं.

बांगड्या वाजल्या. डोक्यावरचा पदर घसरला. ती रुखमा होती. कुंपणापलीकडे चार-पाच बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या.

लच्छूचा संताप दुप्पट झाला. "तू? घरची बाई होऊन माझी इज्जत मातीत घातली? काऊन?"

रुखमाने हात सोडवून घेतला नाही. "सात वर्सं ही गाडी फटाके फोडत जंगलातून जाये," ती म्हणाली. "त्या आवाजानं वाघ उठून दूर जाये. मंग आमी तिच्या मागून मोहाखाली जात होतो."

"मंग मले सांगता नाई आलं? गावभर मी येडा ठरून राह्यलो, आन् तू घरात गप्प?"

रुखमाने बायांकडे पाहिलं. त्यांच्यातली एकही वर बघेना.

"आमी ठरवलं होतं, तुमाले कधीच सांगाचं नाई," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमी गाडी नीट केली, त्याच्या दुसऱ्या दिवशीबी आमी अशाच तिच्या मागून गेलो. सोमारीबाई सगळ्यात पुढं होती."