शेडमधला राखाडी कोट

"घाल," ग्वेंडा म्हणाली.

नेव्हिल ट्रँटरने कोट घातला. फाटकाजवळच्या शेडमधला राखाडी कोट. गावात जाणारा कुणीही शेडमध्ये हाताला येईल ते अंगावर चढवी आणि परत आल्यावर खुंटीला टांगून तसाच आत येई. फाटकाच्या आत कपडा नाही, हा सँडी बेंड ह्या उघड्याने राहणाऱ्यांच्या वस्तीचा पहिला नियम होता. कुठला कोट मुळात कुणाचा, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"टोपी पण. आता पाठ कर इकडे."

हॉलमध्ये वस्तीतली सगळी माणसं आपापल्या टॉवेलांवर बसली होती. ग्वेंडाने फाटकावरच्या कॅमेऱ्यातला फोटो उंच धरला. राखाडी कोट, टोपी, पाठमोरा माणूस. गावच्या कौन्सिलच्या गाडीच्या खिडकीशी वाकून तो कुणाशी तरी बोलत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नोटीस आली होती. सुट्टीपुरत्या दिलेल्या जागेत लोक कायमचे राहतात अशी तक्रार आहे, तपासणीला येत आहोत. तक्रार खरी होती. म्हणूनच सगळे जास्त चिडले होते. तपासणीत ते सिद्ध झालं की ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या काठची ही सगळी घरं उठणार होती.

"तोच आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"त्या कोटात मीही तोच दिसेन," मर्व्ह म्हणाला. तो निवृत्त खाटीक. "उघडा असता तर पाठीवरनं नाव सांगितलं असतं. कपड्यांत माणूस ओळखायचा कसा?"

"तुझं पोट त्या कोटात मावेल तेव्हा बोल," ग्वेंडा म्हणाली.

हशा पिकला. नेव्हिल हसला नाही.

"हा माणूस मी नाही," तो म्हणाला.

"गेल्या जुलैच्या थंडीत स्वेटर घालून कोण फिरत होतं?"

"मला न्यूमोनिया झाला होता, ग्वेंडा."

"थंडी आम्हालाही वाजते. एकदा आमची लाज वाटायला लागली की पुढचं सोपं असतं."

"लाज वाटायला तुमच्यात नवीन काय बघायचं राहिलंय?" नेव्हिल म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "एकोणीस वर्षं झाली मला इथे. नदीवरचा पंप मी बसवला. मला दुसरं घर नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी कॅरॅव्हॅन घेऊन मी जाऊ कुठे?"

"ते कौन्सिलच्या मित्रांना विचार."

ग्वेंडाचा नवरा लेस्टर कोपऱ्यात चहा ओतत होता. "फोटोत तोंड कुठे दिसतंय," तो किटलीकडे बघत म्हणाला. "राहू दे ना त्याला."

"तू चहा बघ. जगाची दया येते तुला."

लेस्टरने पहिला कप नेव्हिलला नेऊन दिला. नेव्हिलने तो घेतला, पण प्यायला नाही.

नेव्हिलला काढावं असं ज्यांना वाटतं त्यांना ग्वेंडाने हात वर करायला सांगितलं. हात वर गेले. मर्व्हचा गेला नाही. ग्वेंडाची नजर फिरत फिरत कोपऱ्यात थांबली.

"लेस्टर."

लेस्टरने किटली खाली ठेवली आणि हात वर केला.

नेव्हिलने कोट काढून खुर्चीवर टाकला. कॅरॅव्हॅन, त्याचं चाकांवरचं घर, गाडीला जोडायला त्याला बराच वेळ लागला. वाकलं की त्याला खोकला येत होता. मर्व्ह तेवढा मदतीला गेला. बाकीचे निलगिरीच्या झाडाखाली उभे राहून बघत होते.

"तपासणीवाली बाई यायच्या आत नीघ," ग्वेंडा म्हणाली. "तिच्यासमोर तमाशा नको."

नेव्हिल गाडीत बसला. खिडकीची काच खाली करून तो म्हणाला, "ज्याने केलं तो अजून तुमच्यातच आहे. तुम्हाला त्याच्याबरोबर राहायचंय. मी निदान सुटलो."

"ह्याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा," ग्वेंडा म्हणाली. कॅरॅव्हॅन लाल धुळीत दिसेनाशी झाली तेव्हा काहींनी टाळ्या वाजवल्या.

आता कपडे घालायचे होते. कौन्सिलचं माणूस आवारात असेपर्यंत रहिवाशांनी कपड्यांत राहावं, अशी नोटिशीतच अट होती. शेडपुढे रांग लागली. आधी बायका, मग पुरुष. ग्वेंडाला फुलाफुलांचा एक झगा मिळाला, काखेत काचणारा. कापड अंगाला लागलं की तिला कसंनुसं व्हायचं. आठ वर्षांत ती फाटकाबाहेर गेली नव्हती. किराणा, औषधं, सगळं लेस्टरच आणायचा.

फाटकाच्या आत सगळे ओळीने उभे राहिले. पँट आखूड, शर्ट घट्ट. एकमेकांकडे बघून माणसं हसत होती.

"आयला, मर्व्ह, तू होय. मला वाटलं पाद्री आला."

"आणि तू कोण, बाळ?"

ग्वेंडाने ओळीवरून नजर फिरवली. मग शेजारी उभ्या असलेल्या तपकिरी जाकिटातल्या माणसाला तिने विचारलं, "लेस्टर कुठे राहिला?"

"इथेच आहे," तो म्हणाला.

तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ओळखलंच नाही तुला," ती म्हणाली आणि त्याची कॉलर सरळ केली. "आज नीट उभा राहा. ती काही विचारेल तर बोलणं माझ्यावर सोड."

कौन्सिलची पांढरी गाडी फाटकात थांबली. पेट्राकिस नावाची तरुण तपासनीस उतरली. इतक्या अनोळखी माणसांना बघून ती क्षणभर बावरली. मग तिला एक ओळखीचा चेहरा दिसला. ती थेट लेस्टरपाशी आली आणि तिने हात पुढे केला.

"बरं झालं, तुम्ही आहात," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्या दिवशी म्हणाला होतात ना, जागा बंद झाल्याशिवाय बायको काही इथून हलायची नाही. ह्यांतली तुमची मिसेस कोणती?"