जावयाने नीट केलेला टीव्ही

अधिक महिन्याचं जेवण झकास झालं, पण सासरच्या नव्या टीव्हीने माझ्या तोंडाची चव घालवली. जुना सिनेमा लागला होता आणि त्यातली माणसं तेलावरून घसरल्यासारखी चालत होती. चित्र गुळगुळीत करणारी ही सोय टीव्हीत आधीपासूनच चालू असते आणि चांगल्या सिनेमाची मालिका करून टाकते. सासूबाई अनारसे आणायला आत वळताच मी रिमोट घेतला, सेटिंगमध्ये शिरलो आणि ती बंद केली.

पडद्यावर पुन्हा सिनेमा आला. नायिकेच्या नवऱ्याने खाटेवर प्राण सोडला. मी कौतुकाच्या अपेक्षेने वळलो, तर सासूबाई ताट घेऊन दारातच उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते.

"काय केलंत हो टीव्हीला, जावईबापू?"

"नीट केला, आई. आता खरा सिनेमा दिसतो."

"मग होता तसा करा बघू. त्यात मेलेल्या माणसाचं पोट हलताना लख्ख दिसायचं. सगळं खोटं आहे हे कळलं, की मला निवांत बघता येतं."

मला हसू आलं. बायपास होऊन महिना झालेले सासरे शेजारच्या आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपले होते. सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं आणि सासऱ्यांच्या पोटाकडे टक लावून पाहिलं. ते वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. तेव्हा कुठे त्या पाणी आणायला आत गेल्या.

मी रिमोट उचलला आणि पुन्हा सेटिंगमध्ये शिरलो.