कोरडा ब्रश

“जरा हात धुऊन घेते,” असं म्हणून वकीलबाई बाथरूममध्ये शिरल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. नळाला हातही न लावता त्यांनी आरशाखालच्या पेल्यातला छोटा गुलाबी ब्रश उचलला. त्याच्या केसांवरून अंगठा फिरवला. ओला होता.

ही त्यांची जुनी सवय. आईबाप कोर्टात भांडायला लागले की मुलाची बाजू बघायला कोर्ट एक वेगळा वकील नेमतं, त्या कामात बाईंची एकोणीस वर्षं गेली होती. पढवलेली मुलं त्यांनी पाहिली होती, रातोरात रंगवलेल्या खोल्या पाहिल्या होत्या, आणि आदल्या दिवशी आणलेली खेळणी तर ढिगाने. माणसं थापा मारतात, ब्रश मारत नाही, असं त्या आपल्या ज्युनिअरना ऐकवायच्या. ब्रश कोरडा, म्हणजे मूल त्या घरात राहत नाही. या खटल्यातल्या मुलीचा ब्रश मागच्या आठवड्यात तिच्या आईच्या घरी ठणठणीत कोरडा निघाला होता.

पण हा ओला ब्रशही त्यांना पटेना. केस अगदी ताठ, दुकानातून आत्ताच आल्यासारखे. नऊ वर्षांची पोर रोज दात घासते म्हटल्यावर महिन्याभरात ब्रशचा पार झाडू होतो. इथेही कुठेतरी पाणी मुरत होतं.

बाहेर मुलीचा बाप टॉवेल घेऊन उभाच. शर्टाला कडक इस्त्री, घर चकाचक. इतका साळसूदपणा बाईंना मुळीच सोसत नसे.

“हिचा ब्रश कधी आणलात?”

“ब्रश?” तो गोंधळला. “असतील दोन-तीन महिने. का हो मॅडम?”

“सहज.”

सहज काही नव्हतं, हे त्यालाही कळलं. “तिच्या आईने काही सांगितलं का? तिकडचं सगळं खरं धरू नका हं. एक आठवडा तिच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे, असं ठरलंय. मी एक दिवस चुकवलेला नाही.”

“मला मुलीशी एकटीशी बोलायचंय. तुम्ही खाली एक चक्कर मारून या.”

तो गेला, पण जाताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. बाईंनी तेही मनात टिपून ठेवलं.

मुलगी पलंगावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. बाजूला ठेव म्हटलं तर तिने ते आणखीच घट्ट धरलं.

“मी कोण, माहीत आहे ना तुला?”

“वकील. आई म्हणते तुम्ही बाबांच्या बाजूच्या. बाबा म्हणतात आईच्या.”

“मी तुझ्या बाजूची. आता मला खरं सांगायचं. बाबांनी तुला ब्रश भिजवून ठेवायला सांगितलं होतं?”

“नाही. मी भिजवला. तुम्ही येणार होतात म्हणून.”

“असं करायचं तुला कोणी शिकवलं?”

“कोणी नाही.” मुलीने दाराकडे एकदा पाहून घेतलं. “आईकडेपण तुम्ही हात धुवायला गेला होतात. नळाचा आवाजच आला नाही. मग बाहेर येऊन आईला विचारलंत, ही इथे खरंच झोपते का, ब्रश कोरडा कसा. तुम्ही गेल्यावर आई खूप रडली.”

“मग तू दात कशाने घासतेस?” बाईंनी विचारलं.

मुलीने दप्तरातून कंपासपेटी काढली आणि उघडली. पट्टी आणि पेन्सिलींच्या मध्ये एक पिवळा ब्रश होता. केस चहूकडे पिंजारलेले, दांड्यावरचं चित्र पुसून गेलेलं.

“हा आमच्या जुन्या घरातला. आम्ही तिघं राहायचो ना, तिथला. हा तिकडे विसरला की बाबा म्हणायचे, आईने मुद्दाम पाठवला नाही. इकडे विसरला की आई तसंच म्हणायची. मग दोघांनी नवीन आणले. मी हाच वापरते. कोणाला सांगू नका.”

ब्रश ओलाच होता. बाईंना स्वतःची लाज वाटली. दोन घरांतल्या ब्रशांवर अंगठा फिरवला, पण पोरीला एवढं साधं विचारायचं सुचलं नाही. अहवाल सोमवारी द्यायचा होता. त्यांनी वही उघडली. ‘आईकडे ब्रश कोरडा. मुलगी तिथे राहत नसावी.’ खाली दोन ठसठशीत रेघा. त्यांनी त्या सगळ्यावर आडवी काट मारली.

“काय खोडलं?” मुलीने लगेच विचारलं.

“माझी चूक होती. ती खोडली.”

मुलीचा त्यावर विश्वास बसलेला दिसला नाही. मोठी माणसं एका पानावर खोडतात आणि दुसऱ्या पानावर लिहितात, हे तिने वर्षभरात पुरतं पाहिलं होतं.

जिन्यात बापाची पावलं वाजली. मुलीने कंपासपेटी चटकन मिटली, दप्तराच्या तळाशी सारली आणि बाईंच्या अगदी जवळ सरकली.

“उद्या शनिवार. मी आईकडे जाणार,” ती कुजबुजली. “तुम्ही तिकडे पुन्हा या ना, हात धुवायला.”

दार उघडलं.

“आता ओला असेल,” ती म्हणाली.