पहिल्या पानावरचा ठिपका

ठिपका चालू.

"हा माणूस नाही," फौजदार म्हणाला. "हे कुणीतरी मुद्दाम लावून दिलंय."

भिंतीवरच्या पडद्यावर एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. फौजदार या छोट्या कंपनीचा तांत्रिक प्रमुख. कुणी जरा उशिरा आलं तरी जबानी घेतल्यासारखं विचारायचा, म्हणून पाठीमागे सगळे त्याला फौजदार म्हणत. तोंडावर सर.

समोर ताई बसल्या होत्या. वेबसाइट त्यांनी बांधलेली. ती होती एका संस्थेची. घर सोडावं लागणाऱ्या बायकांना ही संस्था वकील आणि राहायला जागा मिळवून द्यायची. त्यासाठी बारा पानांचा अर्ज. एक ठिपका म्हणजे कुठेतरी एक बाई अर्ज भरतेय. तिचं नाव आणि मजकूर कुलूपबंद, कंपनीलाही न दिसणारा. दिसायचं एवढंच की ती कितव्या पानावर आहे, आणि फोन कालचाच आहे की नवा.

हा फोन कालचाच होता. परवाचाही. आणि दरवेळी सुरुवात पहिल्या पानापासूनच.

आज ठरवायचं होतं ते साधं होतं. अर्धवट भरलेला अर्ज क्लाउडमध्ये ठेवायचा कुठे? एक साठा वेगवान आणि स्वस्त. पान मिटलं की तो सगळं विसरायचा, पुन्हा पाटी कोरी. सध्या चाचणी त्याच्यावरच चालू होती. दुसरा जरा मंद, महाग. पण तो लिहून ठेवायचा. महिनाभरात कधीही परत या, सोडलं तिथून पुढे.

ताईंना दुसरा हवा होता, फौजदाराला पहिला. ताईंचा एवढा आग्रह कशाला, हे त्याला कळत नव्हतं. दुसरा साठा विकणाऱ्या कंपनीत ताईंचा भाचा आहे, हे त्याने शोधून काढलं होतं. भाचा तिथे दारातल्या टेबलापाशी बसून आल्यागेल्याला पाणी विचारतो, हेही शोधून काढलं होतं. तरीपण.

ठिपका बंद.

फौजदार खिडकीपाशी घरी फोन करत होता. तो दिवसातून बऱ्याचदा करायचा. चहानंतर, जेवणानंतर, मध्येच. बायकोने दुसऱ्या घंटीच्या आत उचलायचा, असा शिरस्ता होता.

"मग दम का लागलाय?" तो विचारत होता. "दार कुणी वाजवलं होतं?"

त्याने उत्तर ऐकून घेतलं, मग तेच पुन्हा विचारून पाहिलं, बदलतंय का ते.

ठिपका चालू. पान पहिलं.

"बघा," तो परत येऊन म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून. खरा माणूस तीन दिवस एकच पान भरत बसेल का? ताई, तुम्हीच हे चालवताय. माझा साठा वाईट दिसावा म्हणून."

ताई म्हणाल्या की त्यांनी काही चालवलेलं नाही. ती बाई चौथ्या-पाचव्या पानापर्यंत जाते, मग घाईने सगळं मिटते.

"सर, यंत्र असतं तर एव्हाना कंटाळलं असतं," चाचण्या घेणारा चष्मेवाला म्हणाला. कुणी हसलं नाही.

फौजदाराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. हे दोघं मिळालेले आहेत का, याचा हिशेब त्याच्या डोळ्यांत दिसत होता. मग त्याने निकाल दिला. वेगवान साठाच घ्यायचा. ठिपक्याचा फोन अडवायचा, म्हणजे खोटेपणा बाहेर पडेल.

पान तिसरं. पान चौथं.

फौजदाराला काहीतरी आठवलं. जागेवर बसूनच त्याने फोन लावला.

ठिपका बंद.

"काही नाही," तो फोनमध्ये म्हणाला. "सहज."

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. मग त्याच्या फोनकडे. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच हातात धरून बसल्या. फौजदाराने फोन ठेवला.

ठिपका चालू. पान पहिलं.

"सर," ताई म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, थोडा गोडच. "तुमचा संशय बरोबर असेल. पण अडवलं तर काहीच कळणार नाही. दुसऱ्या साठ्यात मात्र काही पुसलं जात नाही. हा फोन कितीदा आला, कुठवर गेला, महिनाभर सगळं राहतं."

"मला दिसेल?"

"याच पडद्यावर दिसेल."

सकाळी हट्ट, आता लाडीगोडी. यात नक्की काहीतरी होतं. पण काही पुसलं जात नाही, हे शब्द फौजदाराच्या मनात जाऊन बसले होते. असं काहीतरी त्याला फार दिवसांपासून हवं होतं. आणि घरासाठीही मिळालं तर?

"लावा तुमचा साठा," तो म्हणाला. "पण लक्ष माझं राहील."

ताईंनी त्याच दुपारी साठा बदलला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

ठिपका बंद. दुसऱ्या दिवशीचा चहानंतरचा फोन.

ठिपका चालू. पान पाचवं.

चष्मेवाल्याने ताईंकडे पाहिलं. ताई आपल्या कामात होत्या, निदान तसं दाखवत होत्या.

ठिपका बंद. जेवणानंतरचा फोन.

ठिपका चालू. पान नववं. दहावं.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा ताईंनी फौजदाराला एक साधीशी शंका विचारली, मग दुसरी. पडद्याकडे पाठ करून तो समजावून सांगत बसला. सांगता सांगता सवयीने खिशातून फोन काढला, घरचा नंबर लावला आणि कानाला धरला.

एक घंटी. दुसरी. तिसरी.

त्याच्या मागे ठिपका बाराव्या पानावर होता, आणि या वेळी विझला नाही.