न खोकलेली सकाळ

"इच्छाशक्ती असली की माणूस मरणालाही ताटकळत ठेवतो," ग्विलिमने आरशाला ठणकावून सांगितलं आणि घसा खवखवताच घाईघाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला. उबळ आली की घोट गिळायचा, ओठ मिटून नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, असं दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलं होतं. खाणीच्या धुळीने भरलेल्या फुप्फुसांवर दुसरं औषध नव्हतंच. आजची सकाळ त्याने न खोकता काढली. तेवढ्यात दार वाजलं. शेजारचा एल्विन प्राणवायूचा सिलिंडर ओढत आला होता. गळ्यात चॅपलमधल्या अंत्यविधींना घालायचा काळा टाय होता. खाणीतल्या त्यांच्या पाळीतले आता हे दोघंच उरले होते. "कोण गेलं रे?" "तूच," एल्विन धापा टाकत म्हणाला. "भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला नाही." ग्विलिमने अभिमानाने युक्ती सांगितली. एल्विन पायरीवरच बसला. "छान. पण गड्या, उठलास की एकदा खोकत जा."